गार्गीच्या आईचं पान

“बाई, उल्लेखनीय म्हणजे काय हो?”

गार्गीने हे संगणकाकडे बघतच विचारलं. रविवारची सकाळ होती आणि वाचनालयाच्या माडीवर आमचा वर्ग भरला होता. वर्ग म्हणजे तीन जुने संगणक, एक फळा आणि सातवी-आठवीतली थोडी मुलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला मुलांवाचून करमेना, तेव्हा कराडच्या वाचनालयाने ही खोली मला दिली होती. आंतरजालावर मराठी ज्ञानकोश आहे, तो कोणी एक पंडित लिहीत नाही, तुमच्याआमच्यासारखीच माणसं लिहितात, हे मुलांना दाखवायचं आणि त्यांच्याकडूनही लिहून घ्यायचं, असा आमचा उद्योग. कोणी आपल्या गावावर लिही, कोणी संगमावर, कोणी नदीतल्या माशांवर. मी स्वतः त्या कोशात बरीच वर्षं लिहीत होते आणि पुढे तिथल्या मंडळींनी मला प्रचालक केलं होतं. प्रचालक म्हणजे फार मोठं काही नाही. कोणी शिव्या लिहिल्या तर पुसायच्या, भांडणं मिटवायची आणि जी पानं ठेवण्यासारखी नाहीत ती काढायची.

मी गार्गीच्या मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर एक पान होतं. नाव होतं, ‘मानसी शेडगे’. पानाच्या डोक्यावर कोणीतरी पिवळी पट्टी लावली होती : ‘या व्यक्तीची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. स्वतंत्र छापील संदर्भ न मिळाल्यास हे पान आठवड्याने काढण्यात येईल.’

पट्टीखाली गार्गीचा मजकूर होता. ‘मानसी हेमंत शेडगे या खो-खोच्या मोठ्या खेळाडू होत्या. त्या महाराष्ट्राकडून खेळल्या. त्या पळायला लागल्या की कोणाला सापडत नसत. त्यांना गुळाची पोळी फार छान जमायची.’

गार्गीची आई दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली, हे मला ठाऊक होतं. गार्गीने घरी बसून आईवर पान लिहिलंय, हे मात्र मला त्या क्षणी कळलं.

“ज्याच्याबद्दल लिहावं असं परक्या माणसांना वाटलं आणि त्यांनी ते लिहून छापलं, तो माणूस उल्लेखनीय,” मी म्हणाले.

“परक्यांनाच का?”

“आपल्या माणसांना आपलं सगळंच लिहावंसं वाटतं, म्हणून.”

शेजारची केतकी म्हणाली, “मग आमच्या काकांचं पान होईल. परक्या माणसांनी त्यांच्याबद्दल चौकीत लिहून दिलंय.”

मुलं हसली. गार्गी हसली नाही.

“आई खरंच खेळायची, बाई. ती खोटं नव्हती सांगत.”

“खोटं कोण म्हणतंय? पट्टी लावणाऱ्याचं म्हणणं एवढंच, की पुरावा दाखवा.”

“नाही दाखवला तर?”

“तर पान काढतात.”

“कोण काढतं?”

“बरेचदा मीच काढते.”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात, केतकीला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, “तुम्हीच म्हणाला होतात, कोशात एकदा गेलं की राहतं. आमच्या घरात काहीच राहिलेलं नाही. आत्याने साड्या वाटून टाकल्या. डबे-बिबे पण बदलले. आता मला आईचा आवाजसुद्धा नीट आठवत नाही. म्हणून मी तिला तिथे ठेवली.”

गार्गीला तिच्या आईचं माहेरचं आडनाव विचारून मी ते पानाच्या चर्चेत लिहिलं आणि संध्याकाळी चिमोट्यांना फोन लावला. पट्टी त्यांनीच लावली होती. विठ्ठलराव चिमोटे अमरावतीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण कोशातल्या कामामुळे आठवड्यातून एकदा तरी फोन व्हायचा.

“रागावल्या नाही ना बाई?” त्यांनी आधीच विचारलं. “काय आहे, मी भरपूर शोधलं. मानसी शेडगे नावाने काही नाही. मग म्हटलं, लग्नाआधी खेळली असेल. तुम्ही चर्चेत माहेरचं आडनाव टाकलं ना, थोरात, ते घेऊन शोधलं. महाराष्ट्राचे जुने संघ पाहिले. मानसी थोरात नावाची पोरगी त्यात कधीच नव्हती.”

“लिहिणारी मुलगी बारा वर्षांची आहे.”

“म्हणूनच तर म्हणतो. आज हिच्यासाठी ठेवलं, तर उद्या कोणाला नाही म्हणाल? परवा एका सरपंचाने सासऱ्याचं पान केलं. आमच्या घरी ही विचारते, माझं पान कधी करता? मी म्हटलं, तुझ्या वांग्याच्या भाजीबद्दल दोन पेपरांत छापून आण, त्याच दिवशी करतो.”

मला हसू आलं.

“तुम्ही मत देणार का या पानावर?” त्यांनी विचारलं.

“नाही. मुलगी माझ्या वर्गातली आहे. ओळखीच्या पानावर मत द्यायचं नाही, हा नियम मीच मांडला होता.”

“मग तिला संदर्भ शोधायला शिकवा. ते तर तुमच्या हातात आहे. एक धड बातमी मिळाली, तर ‘ठेवा’ म्हणणारा पहिला माणूस मी असेन.”

दुसऱ्या दिवशी मी गार्गीच्या वडिलांना घरी बोलावलं. हेमंत शेडगे दूध संघात कामाला होते. कामावरून परस्पर आले आणि आत न येता फाटकापाशी स्कूटर उभी करून बोलत राहिले.

“कशाला बाई? पोर उगाच आशेला लागेल.”

“ती लागलीच आहे. मानसीताई कोणाकडे खेळायच्या, तेवढं सांगा.”

“विट्याला. गुरव सर म्हणून होते तिथे. पण हे सगळं लग्नाआधीचं. आमच्या आईला सुनेने मैदानात पळणं चालण्यासारखं नव्हतं. मग तो विषयच कधी निघाला नाही घरात.”

“त्यांच्या माहेरचं कोणी?”

“सासू-सासरे गार्गीच्या जन्माआधीच गेले. मेहुणा आहे, तो सुरतेला. त्याचं येणंजाणं नाही.” त्यांनी स्कूटरचा आरसा उगाच इकडेतिकडे वळवला. मला वाटलं, अजून काही सांगायचंय. पण ते म्हणाले, “विट्याला जायचंच असेल तर जाऊन या. तिची हौस होईल.”

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. सकाळच्या एसटीने मी आणि गार्गी विट्याला निघालो. तिने पाठीवर दप्तर घेतलं होतं आणि त्यात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. काय आहे विचारलं तर म्हणाली, “लागलं तर दाखवीन.”

गुरव सरांचं घर सापडायला त्रास पडला नाही. नाक्यावरच्या पानपट्टीवाल्याने नुसतं “खो-खोवालं सर ना?” म्हणून बोट दाखवलं. घरापुढेच मैदान होतं. त्यावर दोन खांब रोवलेले, मधल्या पट्ट्यावर मुली उकिडव्या बसलेल्या आणि एक मुलगी त्यांच्यामधून वळणं घेत पळत होती. सर खुर्चीत बसून तिच्यावर खेकसत होते. सत्तरी उलटलेला माणूस, अंगात स्वेटर, गळ्यात शिट्टी. आम्ही कराडहून आलोय म्हटल्यावर त्यांनी खुर्च्या मागवल्या आणि आतल्या बाजूला तोंड करून “चहा टाका गं” म्हणून सांगितलं.

“हिची आई तुमच्याकडे खेळायची,” मी म्हणाले. “मानसी थोरात.”

“मानसी?” सरांनी डोळे मिटून घेतले. “न्हाई. थोरातांच्या तीन पोरी खेळल्या माझ्या हाताखाली. त्यात मानसी न्हाई.”

“नीट आठवा ना, सर,” गार्गी म्हणाली.

“बाळ, मला काल काय खाल्लं ते आठवत न्हाई. पण पोरींची नावं इसरत न्हाई मी. मानसी कोण न्हवती.”

गार्गीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने दप्तर मांडीवर घेतलं, टॉवेल सोडला आणि आतली तसबीर सरांपुढे धरली. घरातल्या देवाजवळची ती तिच्या आईची तसबीर होती. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि तसबीर हातात घेतली.

“अगं, ही तर आमची वैजू,” ते म्हणाले. “वैजयंता. तू वैजूची होय? आधी सांगायचं न्हाई का...” आणि तिथेच ते थांबले. तसबिरीला चंदनाच्या कातऱ्यांचा हार होता. त्यांनी तो बोटाने बाजूला केला, पुन्हा होता तसा केला.

“हार कवा घातला हिला?” त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. सरांनी शिट्टी गळ्यातून काढून खुर्चीच्या हातावर ठेवली. पळणारी मुलगी आपणहून थांबली.

“तुम्ही चुकताय,” गार्गी म्हणाली. “माझ्या आईचं नाव मानसी आहे.”

सर तसबिरीकडेच बघत होते, तेव्हा मला बोलावं लागलं. “गार्गी, लग्नात मुलीचं नाव बदलतात. नुसतं आडनाव नाही. पहिलं नावही.”

“ते जुन्या बायकांचं. आजीचं बदललं होतं.”

“तुझ्या आईच्या वेळीही काही घरांत बदलत असत.”

“मग मला कसं माहीत नाही?”

तेवढ्यात चहा आला. सरांच्या बायकोने तसबीर पाहिली, पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली.

“आईचं खरं नाव कुठलं मग?” गार्गीने सरांना विचारलं.

“मला वैजूच म्हाईत. तुला मानसी म्हाईत.”

“मानसी म्हटलं की ती ओ द्यायची.”

“आमच्याकडं वैजू म्हटलं की ओ द्यायच्या आधी पळत सुटायची,” सर म्हणाले आणि पहिल्यांदा थोडे हसले. “खांबाला वळसा घालताना अशी झुकायची की बघणाऱ्याला वाटावं, पडली आता. आणि पाठलाग करणारीच तोंडावर पडायची. समोरच्या संघातल्या पोरी रडकुंडीला यायच्या. मैदानाभोवती सगळी माणसं वैजू, वैजू.”

“हट्टी होती का?” मी विचारलं.

“हट्टी? एकदा अंगठ्याचं नख निघालं हुतं. मला कळू दिलं न्हाई. चिंधी बांधून पळली आन् वर मलाच म्हणते, सर, आज तुमचा चेहरा का उतरलाय?”

गार्गी ते एखाद्या भलत्याच बाईबद्दल ऐकावं तसं ऐकत होती. मग म्हणाली, “मला शाळेच्या शर्यतीत नाव देऊ द्यायची नाही. पडशील म्हणायची.”

सरांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “पेपरात लई यायचं तिचं. गावातल्या वाचनालयात जुने पेपर बांधून ठेवलेत. जावा, बघा. वैजयंता थोरात म्हणून बघा.”

वाचनालयात आम्ही दुपारभर होतो. जुन्या वर्तमानपत्रांचे जाड गठ्ठे, धूळ आणि वाळवीचा वास. गार्गी पानं उलटत होती, मी चष्मा सावरत क्रीडा-पान वाचत होते. पहिली बातमी तिलाच सापडली. ‘वैजयंता थोरातच्या खेळीने विटा संघ विजयी.’ मग सापडतच गेल्या. ‘वैजयंता सर्वोत्कृष्ट संरक्षक.’ ‘राज्य संघाचे नेतृत्व वैजयंता थोरातकडे.’ तिथे फोटोही होता. केस घट्ट बांधलेली, धुळीने माखलेली एक मुलगी चषक हातात धरून कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कोणाकडे तरी बघून हसत होती.

“कॅप्टन होती,” गार्गी म्हणाली.

“होती ना.”

“मला एवढंच म्हणाली होती, खेळायचे. एकदाच. मला ताप आला होता तेव्हा. मी म्हटलं, खोटं. तर हसली.”

मी वर्गात शिकवलं होतं तसं तिने प्रत्येक बातमीचं सगळं टिपून घेतलं, वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान. माझ्या फोनवर बातम्यांचे फोटो काढले. एकही तपशील सुटू दिला नाही. मला वाटलं होतं, ती नाचेल. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तसबीर पुन्हा टॉवेलात गुंडाळलेली होती.

कराडच्या स्टँडवर हेमंत शेडगे न्यायला आले होते. ती उतरली आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“पप्पा, वैजयंता कोण?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही विट्याला जाणार हे ठरलं, तेव्हाच मला कळलं होतं, हे निघणार,” ते म्हणाले. मग आम्ही स्टँडच्या कडेच्या बाकावर बसलो. मी उठून बाजूला होऊ लागले, तर म्हणाले, “बसा बाई. तुमच्यासमोर सांगितलेलं बरं.”

त्यांनी गार्गीकडे बघून सांगायला सुरुवात केली, पण शेवटपर्यंत तिच्या दप्तराच्या पट्ट्याकडेच बघत होते.

“लग्नात तांदळाचं ताट ठेवतात. त्यात अंगठीने बायकोचं नाव लिहायचं असतं. बरेच जण होतं तेच लिहितात. मी मानसी लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. मीच महिनाभर शोधून ठेवलं होतं.”

“का पण? वैजयंता चांगलं नव्हतं?”

“चांगलंच होतं. मी तिला पहिल्यांदा बघितलं ते इस्लामपूरला, मॅचमध्ये. चार-पाच हजार माणसं असतील, सगळी तिच्या नावाने ओरडत होती. मीही ओरडलो. मग घरी सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशी. आणि ठरल्यावर मनात आलं, हे नाव तर सगळ्या दुनियेच्या तोंडात आहे. घरात तरी हिला एक नाव असावं, माझ्या एकट्याचं.”

“आईला विचारलंत?”

“तेव्हा विचारत नसत. ताटाकडे बघून ती हसली. मला वाटलं, आवडलं.”

“आवडलं होतं का?”

“मला आजपर्यंत वाटत होतं की आवडलं होतं.”

एक बस आली, फलाट बदलून पुढे गेली. हेमंतरावांनी मला विचारलं, “आता पानावर काय नाव येणार?”

“परक्या माणसांनी जे छापलं तेच. वैजयंता थोरात.”

“आणि मानसी?”

विचारून त्यांनी स्वतःच मान हलवली, समजलं अशी. गार्गी उठली, तिने दप्तर पाठीवर घेतलं आणि त्यांचा हात धरला. “चला पप्पा,” ती म्हणाली.

शुक्रवारी तिने नवीन पान लिहिलं. मी एकही शब्द घातला नाही, फक्त संदर्भ कुठे जोडायचे ते दाखवलं. रात्रीच्या आत चिमोट्यांचं मत आलं : ‘ठेवा. अशी खेळाडू इतकी वर्षं आपल्या कोशात नव्हती, हे आपलं अज्ञान. लिहिणाऱ्या सदस्याचं अभिनंदन.’ त्यामागून आणखी काहींनी ‘ठेवा’ म्हटलं. दुसऱ्या एका प्रचालकांनी चर्चा बंद केली. वैजयंता थोरात हे पान राहिलं आणि मानसी शेडगे हे पान निघालं.

ते पान आजही आहे. इतक्या वर्षांत त्यात पुष्कळ भर पडली. कोणी स्पर्धांची माहिती घातली, विट्याच्या मंडळाने फोटो दिला. शाळेतल्या मुली महिला दिनाच्या भाषणासाठी त्यातली वाक्यं उतरवून नेतात. गार्गी आता पुण्यात शिकते, गावी आली की भेटून जाते. त्या पानाबद्दल आम्ही बोलत नाही.

चर्चा बंद झाल्यानंतरच्या रविवारी ती वर्गाला सगळ्यांच्या आधी आली होती. आल्याआल्या तिने वैजयंता थोरातचं पान उघडलं. वर पिवळी पट्टी नव्हती. पण पानाच्या अगदी शेवटी, शेवटच्या स्पर्धेच्या खाली, तिने घरी बसून आणखी तीन वाक्यं लिहिली होती आणि त्या प्रत्येकापुढे कोणीतरी बारीक अक्षरांत ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावली होती.

‘लग्नानंतर त्यांचं नाव मानसी शेडगे झालं. दोन वर्षांपूर्वी कराड येथे त्यांचं निधन झालं. त्यांना एक मुलगी आहे.’

“याचे संदर्भ कुठे मिळतील, बाई?” तिने विचारलं. आवाज नेहमीच्या रविवारसारखाच होता, कामाचा.

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. “तुला काय वाटतं? कुठे मिळतील?”

“लग्नाची पत्रिका आहे पप्पांकडे.”

“ती घरच्यांनी छापलेली.”

“मग आई गेल्याचा नगरपालिकेचा दाखला?”

“त्यावर मानसी शेडगे आहे. ती वैजयंता थोरातच, असं त्यात लिहिलेलं नाही.”

“गुरव सरांना माहीत आहे.”

“ते त्यांनी कुठे छापलेलं नाही ना.”

तोवर बाकीची मुलं आली होती आणि आमच्याभोवती गोळा झाली होती. केतकीला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, “मग मी सांगते ना, बाई. मी परकी आहे. मानसीकाकू गार्गीची आई होत्या, मी त्यांच्या हातच्या गूळपोळ्या खाल्ल्यात.”

“मग तू परकी कशी?” गार्गीच तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आणि मी सांगून तर चालणारच नाही.”

“नाही.”

“मला सगळ्यात जास्त माहीत आहे तरी.”

“हो. तरी.”

मी म्हणाले, “गार्गी, ‘संदर्भ हवा’ हे शब्द राहू देत पुढे. लगेच कोणी काढत नाही. महिनोन्‌महिने राहतात कधीकधी. वाक्यंही राहतील.”

तिने विचार केला. “पण ‘संदर्भ हवा’ दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं ना, यात काहीतरी थापा आहेत?”

“काहींना वाटतं.”

“मग त्यांना वरचंही खोटं वाटेल. कॅप्टन होती ते.”



तिने संपादनाची चौकट उघडली आणि पहिलं वाक्य निवडून पुसलं. दुसऱ्यापाशी आल्यावर म्हणाली, “हे काढलं तर तिथे आई गेलेलीच नाही.”

“हो. तिथे ती गेलेली नाही.”

तेही पुसलं. तिसऱ्या वाक्यावर मात्र तिचा हात बराच वेळ थांबला. केतकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने हलवलाही नाही आणि धरलाही नाही.

“लग्नच झालं नाही तर मुलगी कुठून असणार,” ती म्हणाली. आमच्यापैकी कोणाला उद्देशून नव्हे. आणि तिने ते वाक्य पुसलं.

कोशात कोणताही बदल केला की खाली एक लहान चौकट येते, बदलाचं कारण लिहायला. बरीच मोठी माणसं ती रिकामी सोडतात. मी मुलांना सांगत असे, ती कधी रिकामी सोडायची नाही, मागून येणाऱ्याला आपण काय केलं ते कळलं पाहिजे. गार्गीने त्या चौकटीत लिहिलं, ‘संदर्भ नाही’. पूर्णविराम दिला आणि बदल जतन केला. पान पुन्हा पडद्यावर आलं. स्वच्छ, एकही खूण नसलेलं.

“आता बरोबर झालं ना, बाई?”

मी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, वर्गात उत्तर दिल्यावर मुलं बघतात तशी.

“हो,” मी म्हणाले. “बरोबर झालं.”